तिसरी जोडी

तळ्यातल्या डाइव्हचं नियोजन डाइव्हिंग क्लबने पहिल्यांदाच त्याच्यावर सोपवलं, आणि त्या दिवशी दुकानाचं शटर ओढून वर येताना जिना कधी संपला ते त्याला कळलं नाही. खाली त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि वरच्या दोन खोल्यांत तो आणि आई राहत होते. क्लबाशी त्याचा संबंध दुकानामुळेच आला होता. पाण्याखाली चष्मा चालत नाही, म्हणून कमी दिसणाऱ्यांना मास्कच्या काचेतच नंबर बसवून घ्यावा लागतो, आणि ते काम तो नीट करायचा. आधी त्यांचा दुकानदार, मग पाहुणा, मग सभासद असा तो हळूहळू आत शिरला होता. अजूनही आपण पुरते आत आलोय की उंबऱ्यावरच आहोत, याची त्याला खात्री नव्हती.

आईने बातमी ऐकली आणि हातातला टॉवेल खुर्चीवर टाकून म्हणाली, "म्हणजे आता माझा लीडर तू."

ती गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती.

आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आयुष्यभर आकडे आणि नावं ठणठणीत आवाजात उच्चारून तिचा घसाच तसा घडला होता. ती कुजबुजली तरी शेजारच्या खोलीत समजायचं. वडील गेल्यावर तिचे गुडघे धरले, डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, आणि ज्या तलावावर ती पोहायला जायची तिथेच क्लबाचे नवे लोक टाक्या पाठीला बांधून शिकायचे. ती काठावर बसून ते बघायची. मग एक दिवस तिने कोचला विचारलं की याला वयाची अट आहे का. कोच ही बोलायला कमी आणि शिकवायला कडक अशी बाई होती. अट श्वासाची आहे, वयाची नाही, असं ती म्हणाली. त्यानंतर आईने घरात कुणाला पत्ता लागू न देता नाव घातलं, तपासण्या करून घेतल्या, परीक्षाही दिली. मुलाला कळलं ते थेट ती क्लबाच्या बैठकीला येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली तेव्हा.

त्याला आनंद झाला नाही असं नाही. तिच्या मास्कच्या काचा त्याने स्वतः घासून बसवल्या. पण त्याच बैठकीत तिने सगळ्यांसमोर विचारलं, "आणि तो रबरी सूट घातल्यावर लघवीला लागली तर काय करायचं?" लोक हसले. बँकेत काम करणाऱ्या जोडप्यातली बायको म्हणाली, बरं झालं काकू तुम्ही विचारलंत, मी कधीची मनात धरून बसले होते. सगळ्यांना ती आवडली. याचे मात्र कान तापले. वर आईने बैठक संपताना "मन्या, माझी पिशवी घे रे" अशी हाक मारली आणि तेव्हापासून दातांचे डॉक्टर त्याला मन्याशेठ म्हणायला लागले.

हे डॉक्टर म्हणजे क्लबातलं मोठं प्रस्थ. दूरदूरच्या समुद्रांत उतरलेले, सामान सगळं उंची, बोलणं आरामशीर. त्यांनी आपल्याला बरोबरीचं मानावं असं त्याला फार वाटायचं. एका संध्याकाळी तलावावर आई सूट चढवत होती. अंगाने ती भरलेली, सूट कमरेत अडकलेला, आणि ती स्वतःच हसत एका पायावर उड्या मारत होती. डॉक्टर हे दृश्य बघून त्याच्याकडे किंचित झुकले आणि म्हणाले की गोड्या पाण्यात देवमासा सोडायचा तर आधी परवानगी काढावी लागेल.

तो हसला. नाइलाजाने हसला असंही नाही, चांगला खळखळून हसला. हसून झाल्यावर भान आलं, पण तोवर आवाज निघून गेला होता.

आता त्याच तळ्याचा नकाशा त्याच्यासमोर होता. शहरापासून गाडीने दोनेक तासांवर, डोंगरांच्या मधोमध. तळाशी एक जुनी लाकडी फेरीबोट बुडालेली. खाऱ्या पाण्यात लाकडाला कीड लागते, गोड्या पाण्यात ते टिकून राहतं, म्हणून ती जवळजवळ अखंड होती. ती बघायचीच असं क्लबातल्या सगळ्यांनी कधीपासून ठरवलं होतं. त्याने मन लावून अभ्यास केला. गोडं पाणी समुद्राइतकं माणसाला उचलून धरत नाही, तेव्हा कमरेची शिशाची वजनं कमी करायची. ठराविक खोलीखाली पाणी अचानक गार होतं, म्हणून जाड सूट. तळाला पिठासारखा गाळ, पाय जोरात मारला की सगळं धुरकट, म्हणून दोरीला धरून उतरायचं आणि दोघादोघांनीच जायचं, तिघांचा गट करायचा नाही. टाकीतली एक तृतीयांश हवा जायला, तेवढीच यायला, उरलेली अडीअडचणीला.

मग त्याने जोड्या लावायला घेतल्या. बँकेतलं जोडपं ही पहिली. तो आणि डॉक्टर ही दुसरी. कोच आणि आई ही तिसरी. माणसं सहा, जोड्या तीन, काहीच अडचण नव्हती. तो त्या तिसऱ्या जोडीकडे बराच वेळ बघत बसला. बोटीच्या काठावर आई, तिचा आवाज पाण्यावरून सगळीकडे जाणारा, डॉक्टर चेहरा सरळ ठेवून काहीतरी बोलणार, आणि लीडर म्हणून तो मधोमध उभा.

त्याने डॉक्टरांना फोन लावला. तुमचे मेहुणे मागे यायचं म्हणत होते ना, या वेळी आणा की, असं म्हणाला. डॉक्टरांना नवल वाटलं, पण ते खूश झाले.

कोचला सांगताना त्याने आवाज कामाचा ठेवला. आता माणसं सात झाली, जोड्या जुळत नाहीत, तेव्हा कुणीतरी वर बोटीवर थांबायला हवं. कोच म्हणाली, बोटवाला असतोच की. तो म्हणाला, क्लबाचं माणूस असलेलं बरं, आणि आईचे गुडघे बघता खालचं गार पाणी तिला सोसायचं नाही. कोचने त्याच्याकडे पाहिलं. गुडघे चालतील असं तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, मी वाचलंय, एवढंच ती म्हणाली, पण नियोजन त्याचं होतं म्हणून पुढे गेली नाही.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने तिला तेच सांगितलं, जरा गोड करून. पाणी फार गार आहे, तुझ्या गुडघ्यांसाठीच म्हणतोय, पुढच्या वेळी उथळ जागा बघू. ऐकताना आईचा हात थांबला नाही. तिने शर्टाची बाही आत दुमडली, वरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "बरं."

तिने वाद घातला असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने उत्तरं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली.

ठरलेल्या सकाळी तळ्यावर धुकं उतरलेलं होतं. धक्क्यावर सामान मांडून झालं, सगळे गोल करून उभे राहिले आणि तो नियोजन सांगायला लागला. खोली किती, कुणी आधी उतरायचं, कुठल्या खुणेला काय समजायचं. आता जोड्या सांगायच्या आणि आईचं नाव गाळायचं, या वळणावर तो आला आणि त्याने कागद उलटून पाहिला. तेवढ्यात आईच बोलली.

"माझा कान बंद झालाय कालपासून," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा नेहमीच्या आवाजात म्हणाली. "मीच याला म्हटलं, मला बोटीवर ठेव. हा तयार नव्हता."

सगळे हळहळले. बँकवालीने तिचा दंड दाबला. डॉक्टरांनीसुद्धा, कान बंद असताना उतरायचंच नसतं, शहाणपणा केलात, असं मनापासून सांगितलं. तो हातातल्या दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिला. तिचा कान ठणठणीत होता. सकाळी गाडीत मागच्या सीटवरून तिने इंजिनाचा बारीकसा आवाज ओळखून पट्टा सैल झालाय म्हणून सांगितलं होतं. ती खोटं का बोलली हे त्याला लख्ख कळलं: सगळ्यांसमोर त्याच्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून. मान वर करायची त्याची हिंमत झाली नाही.

खाली उतरल्यावर जे झालं ते फारसं सांगण्यासारखं नाही. मेहुण्यांनी किती डाइव्ह केल्यात याचे जे आकडे सांगितले होते ते बरेच फुगवलेले निघाले. लीडर म्हणून त्यांना त्याने स्वतःबरोबर घेतलं होतं, डॉक्टर कोचबरोबर गेले. गार थराला लागताच मेहुणे धापा टाकायला लागले, घाबरून पाय झाडायला लागले, आणि गाळ असा उठला की स्वतःचा हात दिसेना. त्याने त्यांचा पट्टा पकडला, दुसऱ्या हाताने दोरी धरली आणि त्यांना शांत करत राहिला. त्यांच्या हवेचा काटा भराभर उतरत होता. फेरीबोटीची एक काळी कड धुरकटातून दिसली न दिसली, तोच त्याला अंगठा वर करून परतीची खूण करावी लागली.

वर आल्यावर पहिला हात दिला तो आईने. मेहुण्यांच्या पाठीवर टॉवेल टाकला, थर्मासातलं गरम पाणी पाजलं, होतं असं पहिल्यांदा, असं म्हणून त्यांचा थरकाप घालवला. बाकीचे वर आले ते फेरीबोटीचं वर्णन करतच. सुकाणूचं चाक जागेवर आहे, बाकांच्या रांगा आहेत, एका बाकाखाली मासे राहायला आलेत. आई एकेकाला खोदून विचारत होती, बाक कसे, चाक केवढं, आणि ऐकताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. त्याला तिथून उठून जावंसं वाटलं, पण बोटीवर जाणार कुठे.

धक्क्यावर परतल्यावर कोचने आपल्या पेटीतून कान बघायचा छोटा दिवा काढला आणि काकूंना बाकावर बसवलं. आई नको नको म्हणाली, पण कोच ऐकणारी नव्हती. तिने एक कान बघितला, मग दुसरा.

"दोन्ही स्वच्छ आहेत," कोच म्हणाली.

"मग सुटला असेल आपोआप," आई म्हणाली.

कोचने दिवा बंद केला आणि सावकाश त्याच्याकडे बघितलं.

परतताना गाडीत ते दोघंच होते. आईचा सूट घरून आला तसाच कोरडा, पिशवीत घडी घातलेला. गाव मागे पडलं, घाट उतरून झाला. शेवटी त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"गुडघ्यांचं खरं नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"जागा भरावी म्हणून मीच मेहुण्यांना बोलावलं."

हे तिला माहीत नव्हतं. तिने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "देवमाशावर हसलास ते मी ऐकलं होतं. तलावावर हळू बोललेलंही पाण्यावरून ऐकू येतं."

त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"लाज वाटते आईची, हे मला नवं नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "मलाही माझ्या आईची वाटायची. ती शाळेत आली की मी मागच्या दाराने निघून जायचे. पण मी तिला कधी म्हटलं नाही की तुझ्या बऱ्यासाठी म्हणून तू येऊ नकोस. मी नुसती पळायचे. तू माझ्या काळजीचं सोंग आणलंस, मन्या. ते मला लागलं."

त्याने माफी मागितली. तिने ऐकून घेतली आणि गाडी चालू कर म्हणाली. रागावली आहे की नाही ते कळेना. घरी आल्यावर तिने रोजच्यासारखं त्याला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही, आपलं ताट घेऊन आत गेली.

पुढचे दिवस त्याला दुकानात लक्ष लागेना. एका बाईला लांबच्या चष्म्याऐवजी वाचायचा चष्मा बांधून दिला आणि ती पायरी चुकून पडता पडता वाचली. आपण सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं की हे ओझं उतरेल, असं त्याच्या मनाने घेतलं. क्लबाची पुढची बैठक आली. आईही आली होती, नेहमीच्या खुर्चीवर. त्याने उभं राहून, कागद न बघता, सांगून टाकलं. की त्या दिवशी आईचा कान बंद नव्हता. तिला आपण बाजूला काढलं, त्यासाठी जोड्या मुद्दाम बिघडवल्या. की आपल्याला तिचा संकोच वाटत होता. डॉक्टरांचं नाव त्याने घेतलं नाही, तरी डॉक्टर टेबलाची कड नखाने खरवडायला लागले.

बँकवाली आपल्या नवऱ्याकडे बघत राहिली. एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि आई बाहेर गेली.

तो मागे धावला. जिन्याच्या वळणावर ती भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि तिचे डोळे भरलेले होते. वडील गेले तेव्हाही तिने ते लोकांत भरू दिले नव्हते.

"हे कुणी सांगितलं होतं तुला?" ती म्हणाली. "मी खोटं बोलले ते कशासाठी? कुणाला कळू नये म्हणून. तिथे मला सगळे काकू म्हणायचे, माझ्याशी थट्टा करायचे. आता ते मला बघतील आणि त्यांच्या मनात येईल, हिच्या मुलाला हिची लाज वाटते. तुझं मन हलकं झालं. माझं काय झालं ते बघितलंस?"

त्याने ते बघितलंच नव्हतं. बैठकीत बोलताना त्याला छातीत मोकळं मोकळं वाटलं होतं, अगदी शूर झाल्यासारखं, आणि त्या क्षणी ती खोलीत आहे हे तो पुन्हा एकदा विसरला होता. पहिल्या वेळची लाज निदान ओळखीची होती. ही नवी होती, आणि तिच्यावर कुठलीही माफी लागू पडत नव्हती. तो खालच्या पायरीवर बसला. आई वरच्या पायरीवर उभी राहिली आणि नाक पुसत राहिली.

थोड्या वेळाने कोच बाहेर आली. तिने दोघांकडेही न बघता सांगितलं की येत्या आठवड्यात ती तळ्यावर जाणार आहे आणि तिला जोडीदार हवा आहे. काकू येणार असतील तर तसं आत्ताच कळवावं, नाहीतर ती दुसरं कुणी बघेल.

"येणार की," आई म्हणाली. घसा बसलेला असूनही ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं.

त्या डाइव्हचं नियोजन कोचने केलं. तो गेला ते डॉक्टरांचा जोडीदार म्हणून, कारण डॉक्टरांनी आपणहून फोन केला होता. फोनवर ते बराच वेळ हवेबद्दल आणि दाबाबद्दल बोलले आणि ठेवता ठेवता म्हणाले, माझी जीभ जरा सैल आहे, कळतं मला. त्यापलीकडे ते गेले नाहीत. तळ्यावर आले तेव्हा मात्र त्यांनी आईची टाकी स्वतः उचलून बोटीत ठेवली, आणि आईने, सांभाळून, पाठ धरेल, असं त्यांना सांगितलं.

या वेळी पाणी निवळ होतं. दोरी धरून उतरताना गार थर आला, मग अंधूक हिरवट उजेडात फेरीबोट सबंध दिसली. तो आणि डॉक्टर एका टोकाला होते. दुसऱ्या टोकाला कोच आणि आई. पाण्याखाली आईचं वजन कुठे गेलं होतं कोण जाणे. ती बाकांच्या रांगेवरून आडवी तरंगत होती, हात छातीशी घेतलेले, पाय अगदी हळू हलवत, तळाचा गाळ जागचा हलू न देता. एका बाकाखाली डोकावून ती तशीच थांबली. तिच्या श्वासाचे बुडबुडे संथपणे, मोठ्या अंतराने वर येत होते. ती एकदाही त्याच्या दिशेने वळली नाही, आणि त्याने खूण करून तिला बोलावलं नाही. डॉक्टरांनी परत फिरायची खूण केली तेव्हा तो शेवटचा निघाला.

धक्क्यावर आल्यावर आईला बोलायला वेळ पुरेना. ते मासे बाकाखाली कसे रांगेत बसलेत, प्रवासी बसावेत तसे, सुकाणूचं चाक हाताला कसं गुळगुळीत लागतं, हे ती कोचला सांगत होती, बोटवाल्याला सांगत होती, नुकतीच धक्क्यावर आलेली एक अनोळखी बाई होती तिलाही सांगत होती. त्याला सांगत नव्हती. तो टाक्या पुसून एका रांगेत लावत राहिला.

सूटची चेन पाठीवर होती आणि ओल्या रबरात ती घट्ट बसली होती. आईने खांद्यावरून हात मागे नेऊन बघितला, पोचेना. कोच शेजारीच उभी होती. आई बोलता बोलता चार पावलं चालून त्याच्याकडे आली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"काढ," ती म्हणाली. "सावकाश, केस अडकतात."

त्याने तिचे ओले केस एका हाताने वर धरले आणि दुसऱ्या हाताने चेन खाली ओढली. सगळे बघत होते, डॉक्टरही. आईची पाठ गार होती आणि तिच्यावर सुटाच्या शिवणीचे वळ उमटले होते. चेन कमरेपाशी पोचली तशी तिने बाह्या सोडवून घेतल्या आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे चालू करत कोचकडे परत गेली.